पळायला वाट नसलेलं पाणी

माशांच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘हा त्याच्याबरोबर चालेल का?’ बोट एका टाकीतल्या अँजलकडे, नजर शेजारच्या टाकीतल्या निऑन टेट्रांकडे. दुकानदार ‘चालतो’ म्हणतो किंवा नकारार्थी मान हलवतो. काही दुकानांत भिंतीवर तक्ताच लावलेला असतो. उभ्या रांगेत माशांची नावं, आडव्या रांगेत तीच नावं, मधल्या चौकोनांत हिरव्या खुणा आणि लाल फुल्या. लग्नाच्या पत्रिका पाहाव्यात तसे दोन-दोन माशांचे गुण जुळवायचे, आणि फुली आली नाही की पिशवीत ऑक्सिजन भरून घरी न्यायचे.

हे तक्ते खोटे नसतात. पण हे दोघं राहणार कुठे, याची नोंद त्यांत कुठेच नसते. पाच फुटी टाकीत ज्यांचं वर्षानुवर्षं बरं चालतं, तेच मासे दोन फुटी टाकीत आठवड्याभरात एकमेकांचे पर फाडतात. मासे तेच आणि त्यांचा स्वभावही तोच. म्हणजे जुळण्या-न जुळण्यात टाकी हा तिसरा पक्ष आहे, आणि बहुतेक वेळा निकाल तोच लावतो.

असं का होतं हे समजायला नदीकडे बघावं. नदीत सगळे मासे गुण्यागोविंदाने नांदतात असं मुळीच नाही. तिथेही हद्दी असतात, पाठलाग असतात, मोठा लहानाला गिळतो. तरी तिथे अष्टौप्रहर रणधुमाळी दिसत नाही, कारण ज्याला झेपत नाही तो निघून जातो. चार हात पुढे गेलं की दुसऱ्याची हद्द संपते. पाणी तापलं तर डोहाच्या तळाशी जाता येतं, गढूळलं तर वरच्या अंगाला सरकता येतं. टाकीत आपण माशाला पाणी देतो, हवा देतो, वेळेवर दाणे देतो. निघून जायची सोय तेवढी देता येत नाही. मासे निवडण्याचे जितके नियम जाणत्यांच्या तोंडी ऐकू येतात, ते सगळे या एका उणिवेची भरपाई करायला जन्मले आहेत. ही गोष्ट नीट धरली की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते सुचत जातात.

सगळ्यांत उघड उदाहरण फायटरचं. थायलंडमधल्या भातखाचरांत आणि उथळ दलदलींत राहणारा हा मासा. दोन नर समोरासमोर आले की पर फुलवतात, कल्ल्यांची झाकणं उघडून अंग मोठं करून दाखवतात, रंग गडद करतात. हरणारा रंग उतरवतो, पर मिटतो आणि गवतात शिरतो. त्याचं निघून जाणं हीच शरणागती, जिंकणाऱ्याला त्याहून जास्त काही नको असतं. आता हेच दोघं काचेच्या चार भिंतींत आणा. हरलेला पर मिटतो, वळतो, पळतो, आणि हातभर अंतरावर काच आडवी येते. जिंकलेल्याच्या लेखी तो अजून गेलेलाच नाही, म्हणून तो पुन्हा तुटून पडतो. झुंजीसाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या वाणांत हा हट्ट आणखी पक्का झाला आहे. शरण गेलेल्याची शरणागती पोचतच नाही, हेच टाकीतल्या बहुतेक भांडणांचं मूळ.

मग पळायला जागा लागते तरी किती? आपल्याकडे टाक्या फुटांत विकल्या जातात. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी काठोकाठ भरली तर ५७ लिटर. वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की हाती राहतात जेमतेम ४५. तीन बाय दीड बाय दीड फुटाची टाकी १९१ लिटरची, प्रत्यक्षात १६०च्या आसपास. घरच्या बैठकीत मावणारी मध्यम टाकी म्हणतात ती याच मापाची. मात्र लिटरचा आकडा फसवा आहे. उंच, अरुंद टाकीतही तेवढंच पाणी मावतं, पण पाठलाग सुटला की मासा आडवा पळतो. त्याच्या उपयोगाची असते ती लांबी. सारख्या लिटरच्या दोन टाक्यांतली लांब टाकी घ्यावी ती यासाठी.

तीन फूट म्हणजे तरी काय, वेगवान माशाच्या दोन झेपा. तेव्हा लांबीच्या जोडीला दुसरा उपाय लागतो. निघून जाता येत नसेल तर निदान दिसेनासं होता यायला हवं. टाकीत झाडं, लाकडाचा ओंडका, दगडांची कपार ठेवतात ती दिसायला छान म्हणून, असं आपण समजतो. माशांच्या बाजूने पाहिलं तर ती टाकीची सगळ्यांत गरजेची व्यवस्था आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ दिसणारी टाकी म्हणजे एकच हद्द, आणि एका हद्दीत मालकही एकच. मध्ये पाण्याच्या उंचीचा ओंडका आणि दाट वेलिस्नेरिया आला की त्याच टाकीच्या दोन हद्दी होतात. नवा मासा सोडण्याआधी अनुभवी लोक दगड-लाकडं इकडची तिकडे करतात ते याच हिशेबाने. जुन्या मालकाच्या खुणा पुसल्या जातात आणि त्या दिवसापुरते सगळेच पाहुणे होतात.

हद्दीचं भांडण कुणाशी होतं, हेही पाहण्यासारखं आहे. ज्याला आपल्याच कपारीत राहायचं आहे, आपलंच अन्न खायचं आहे आणि आपलीच मादी हवी आहे, त्याच्याशी. म्हणजे सख्ख्या जातभाईशी. माशांतही भाऊबंदकी सगळ्यांत कडवी. रेड टेल शार्क हा नावापुरता शार्क, कार्पच्या कुळातला. मध्यम टाकीत तो एकटा असला तर इतरांना दटावत का होईना, दिवस काढतो. त्याच्याच जातीचा दुसरा सोडला तर दुबळा फार दिवस टिकत नाही. त्याच्यासारखाच दिसणारा रेनबो शार्क सोडला तरी तीच गत, कारण हद्द राखणारा आधी आकार आणि रंग ओळखतो. ड्वार्फ गुरामीचे दोन नर तीन फुटी टाकीत ठेवले की एकाचा मुक्काम कायम कोपऱ्यातल्या हीटरमागे. म्हणून जुळवाजुळव करताना सारखेपणा शोधायचा नाही. एक पाण्याच्या वरच्या थरात हिंडणारा झेब्रा डॅनिओ, एक मधल्या थरातला रासबोरा, एक तळाशी वाळू चाळत फिरणारा कोरीडोरस. यांचा एकमेकांशी व्यवहारच इतका कमी की भांडणाला कारण उरत नाही.

इथवर सगळं दूर जाण्याबद्दल झालं. पण मासा निघून जातो तो दर वेळी कुणापासून दूर जायलाच असं नाही, कधी कुणाकडे तरी जायलाही जातो. निऑन, रासबोरा, डॅनिओ, कोरीडोरस हे थव्याने राहणारे. नदीत थव्यापासून तुटलेला मासा शोधत शोधत दुसऱ्या थव्याला मिळतो. टाकीत थवा नसेल तर शोधायला कुठे जाणार? एकटा निऑन कुणाशी भांडत नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडलं आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. तो फिका पडतो, झाडामागे थबकून राहतो आणि खाण्यासाठीही पुढे येत नाही. आपल्याकडे ‘प्रत्येकाची एकेक जोडी’ घ्यायची मोठी हौस असते. अशा टाकीत दहा जातींचे वीस मासे असतात आणि त्यांतले बरेचसे एकाकी असतात. त्यापेक्षा दोन-तीनच जाती घ्याव्यात, आणि थव्यातल्या प्रत्येक जातीचे निदान सहा, जमल्यास दहा-बारा.

टायगर बार्बची बदनामी याच चुकीतून झाली आहे. सुमात्रा-बोर्निओकडचा हा पट्टेदार मासा थव्यात राहतो, आणि त्या थव्यात दिवसभर एकमेकांना टोचण्याचा, पाठलागाचा खेळ चालू असतो. त्यातून मानपान ठरतो. आपण दोन-तीनच आणले की खेळायला गडी पुरत नाहीत आणि टोचणं शेजाऱ्यांवर निघतं. आठ-दहा ठेवले की बहुतेक वेळा ते आपापसांत गुंतून राहतात. तरीही त्यांच्यासोबत अँजल, गुरामी किंवा फायटर ठेवू नये. अँजलचे ते लांब, झुलते पर अमेझॉनच्या संथ, झाडझाडोऱ्याच्या पाण्यात घडले. पर कुरतडणारा सुमात्रातला वेगवान मासा त्याच्या वाडवडिलांनी कधी पाहिलेला नाही. समुद्रापलीकडचे दोघं आपण एका काचेत शेजारी केले, आणि त्यांतला संथ असलेला पळूही शकत नाही.

गप्पी, मॉली, प्लॅटी यांच्यात तोच पेच नर-मादीत येतो. नर जवळजवळ अखंड मादीच्या मागे असतो. खुल्या पाण्यात ती सटकते. टाकीत एका नरामागे एकच मादी असली तर तिला श्वास घ्यायला उसंत नाही. म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या घ्यायच्या, म्हणजे त्रास वाटला जातो. पिल्लांचा लोंढा नको असेल तर नुसते नर गप्पीच ठेवावेत. गप्पीची मादी साधारण महिन्याला विते आणि तिची पिल्लंही टाकीबाहेर जाणार नसतात.

आता तोंडाचा नियम. तोंडात मावेल तो मासा अन्नच, मग मालकाने त्याला कितीही लाडाने आणलेला असो. अँजल आणि निऑन यांची गोष्ट इथे नेहमीची. दुकानातला अँजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो, निऑन तीन सेंटिमीटरचे. महिनोन्‌महिने सगळं शांत. मग अँजल हाताच्या पंज्याएवढा होतो आणि निऑन रात्रीतून एकेक करत कमी होऊ लागतात. घरात चर्चा होते की अँजलचा स्वभाव बिघडला. स्वभाव पहिल्या दिवशीही हाच होता, बदललं ते तोंडाचं माप. तेव्हा जुळवाजुळव दुकानात दिसणाऱ्या माशांची करून भागत नाही. ती दीड वर्षांनंतरच्या माशांची करायची असते.

दुकानात विकायला ठेवलेले बहुतेक मासे पिल्लं असतात, ही गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे घोळ टळतात. बोटभर लांबीचा, चकचकीत, ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा मासा मेकाँग नदीत मीटरभराहून मोठा होतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच पंगॅशियस. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर फूट-दीड फुटाचा होतो. आपल्या पश्चिम घाटातला डेनिसन बार्ब, म्हणजेच मिस केरळ, दुकानात पाच सेंटिमीटरचा असतो आणि वाढून पंधराचा होतो. केरळ-कर्नाटकच्या थंड, वाहत्या ओढ्यांत तो थव्याने धावतो. सहा डेनिसन तीन फुटी टाकीत ठेवले तर कुणी कुणाला इजा करणार नाही, पण धावायचं म्हणून जन्मलेल्याला दोन झेपांत काच आडवी येणार. निसर्गात तो संकटग्रस्त ठरलेला आहे, तेव्हा त्याला मोठी टाकी नसताना घरी आणणं दुहेरी चूक.

वाढीचा हिशेब करताना ‘एका गॅलनला एक इंच मासा’ असं एक जुनं सूत्र सांगतात. दहा निऑनची लांबी जोडून येणारे इंच आणि ऑस्कर नावाच्या एका मोठ्या माशाचे इंच त्यात सारखे धरले जातात. पण माशाची लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं. लांबी चौपट झाली की वजन चौसष्टपट. खाणं, श्वास आणि विष्ठा चालतात अंगाच्या आकारमानावर. चार सेंटिमीटरच्या चार माशांनी जो भार टाकीवर पडतो, त्याच्या कितीतरी पट भार सोळा सेंटिमीटरचा एकटा मासा टाकतो.

हा भार म्हणजे निघून न जाण्याचाच आणखी एक प्रकार, कारण टाकीतून मासा जात नाही तशी त्याची घाणही जात नाही. नदी ती वाहून नेते. टाकीत माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून आलेला अमोनिया तिथेच राहतो आणि कल्लेच जाळतो. इलाज आहे तो जिवाणूंचा. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि ते दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत वसायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. टाकीत सगळ्यांत आधी सोडायचे रहिवासी ते हेच. टाकी आणली त्याच संध्याकाळी वीस मासे सोडले की दुसऱ्या आठवड्यात माना खाली घालून मासे मरतात, आणि दोष ‘न जुळण्याला’ दिला जातो.

ही समज नवी नाही. लंडनमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०मध्ये आपला प्रयोग मांडला तो नेमका यावर होता. पाण्याच्या भांड्यात त्यांनी दोन गोल्डफिश आणि वेलिस्नेरियाची रोपं ठेवली. रोपं प्राणवायू देत होती, पण त्यांची कुजकी पानं पाणी गढूळ करू लागली. मग त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं साफ केलं, वर त्यांची अंडी माशांना खायला मिळाली. घरगुती मत्स्यालयाची ही सुरुवातीची यशस्वी निवड पाहिली तर तिच्यात दोन माशांचे स्वभाव जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर जाऊ न शकणाऱ्या गोष्टीचं आतल्या आत काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

गर्दी केलेली टाकी कशी दिसते ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात वीज गेली की कळतं. एअर पंप थांबतो आणि अर्ध्या-पाऊण तासात गर्दीच्या टाकीतले मासे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकू लागतात. उन्हाळ्यात हे लवकर घडतं, कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. आणि तापलेल्या पाण्यात माशाची भूक नि श्वासाची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून विजेचा भरवसा नसलेल्या गावात टाकी तिच्या कमाल क्षमतेपेक्षा बरीच कमी भरलेली चांगली.

यातूनच पाण्याच्या जातीकडे यावं लागतं. मासा पाण्यातून बाहेर जाऊ शकत नाही, हे सांगायची गरज नाही. पण ‘कोणत्या’ पाण्यातून, ते मात्र सांगावं लागतं. गोल्डफिश गार पाण्यातला, १८ ते २२ अंशांत खुशाल राहणारा. डिस्कसला २८ ते ३० अंश हवेत. दोघं स्वभावाने शांत, तक्त्यावर फुली स्वभावाची नव्हे, तापमानाची. एकत्र ठेवले तर दोघांपैकी एक रोज थोडा थोडा आजारी. निऑन मऊ, किंचित आम्ल पाण्यातला, मॉली क्षारयुक्त, कठीण पाण्यातली. आज बाजारात येणारे निऑन बहुतेक शेतांवर पैदा झालेले असतात आणि मधल्या प्रतीचं पाणी सोसतात. तरी सोसणं वेगळं, मानवणं वेगळं.

म्हणून आधी आपल्या नळाला कसलं पाणी येतं ते बघावं. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचं पावसाचं मऊ पाणी येतं. पुण्याच्या नळाचंही मूळ धरणातच. बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायटीत किंवा मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत पाणी कठीण, बादलीच्या कडांना पांढरा थर धरणारं. या पाण्यात मॉली, प्लॅटी, गप्पी मजेत राहतात. औषधं घालून, आरओचं पाणी मिसळून पीएच हवा तसा वळवता येतो खरा, पण दर आठवड्याला तसंच वळवलेलं पाणी तयार ठेवावं लागतं, आणि एखाद्या आठवड्यात ते चुकतंच. माशासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा पाण्याप्रमाणे मासा निवडणं स्वस्तही पडतं आणि सुखाचंही. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढायला अँटीक्लोरिनचे थेंब मात्र दोन्हीकडे लागतात.

रोगाचं गणितही वाट बंद असण्यावरच चालतं. व्हाइट स्पॉटचा परजीवी माशाच्या कातडीवर पोसतो, मग गळून तळाशी जातो आणि तिथे एकाचे शेकडो होतात. या पिल्लांना एक-दोन दिवसांत नवा मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. नदीत त्यांतली बहुतेक वाहून जातात आणि रोग मर्यादेत राहतो. टाकीत मासा हातभर अंतरावरच असतो. शंभरांतली बरीचशी पिल्लं सहज पोचतात आणि आठवड्याभरात अख्खी टाकी पिठाने शिंपडल्यासारखी दिसते. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावा, हा सल्ला जाच वाटतो तो हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे.

इथे एक जाणता वाचक आडवा येईल. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड ठेवणारे लोक टाकी मुद्दाम गच्च भरतात, आणि ते भयंकर भांडखोर मासे तरीही टिकतात. मग पळायला जागा हवी, हे कुठे राहिलं? या अपवादात उलट तेच तत्त्व दिसतं. मलावीचे मासे थोडे ठेवले तर दांडगा एकालाच धरून संपवतो. वीस-पंचवीस ठेवले की तो एकाच्या मागे लागतो, तेवढ्यात मध्ये दुसरा येतो, मग तिसरा. मार वाटला जातो आणि मार खाणारा गर्दीत हरवतो. गर्दीत हरवणं हेही दिसेनासं होणंच. मात्र त्याची किंमत दुहेरी फिल्टर, भरपूर दगडी कपारी आणि आठवड्याला मोठं पाणी बदलणं अशी मोजावी लागते, कारण गर्दीची घाण कुठे जात नाही. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

एवढं सगळं ध्यानात घेतलं तर निवडीचा क्रम आपोआप ठरतो. आधी आपलं पाणी आणि घरातलं तापमान. मग टाकीची लांबी आणि लपायच्या जागा. मग एक मुख्य मासा, ज्याच्यासाठी मन हट्ट धरून बसलं आहे. बाकीचे सगळे त्याच्या मापाने. मध्यम तीन फुटी टाकीसाठी काही बेत सांगता येतील.

धरणाचं मऊ पाणी असेल तर मधल्या थराला बारा हार्लेक्विन रासबोरा किंवा निऑन, तळाला सहा-आठ कोरीडोरस, आणि हनी गुरामीची एक जोडी. हनी गुरामी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, लाजरा, कुणाच्या वाटेला न जाणारा. कोरीडोरसच्या मिशा नाजूक असतात, त्यांना टोकदार खडीऐवजी बारीक वाळू हवी, आणि वरून टाकलेले दाणे खाली पोचेपर्यंत संपतात म्हणून तळाला जाणाऱ्या गोळ्याही.

बोअरवेलचं कठीण पाणी असेल तर प्लॅटी आणि मॉली, दोन्हींत एका नरामागे दोन-तीन माद्या, एकूण दहा-बाराच्या वर नको, कारण संख्या ते स्वतः वाढवणारच आहेत. थंडीत पाणी बरंच गार होणाऱ्या गावात, हीटर न लावता, दहा झेब्रा डॅनिओ, सहा-सात रोझी बार्ब आणि तळाला पेपर्ड कोरीडोरस. पहिले दोघं उत्तर भारताकडचे, तिसरा दक्षिण अमेरिकेतला. तिघांना गार पाणी मानवतं, आणि तेवढं पुरेसं आहे. अँजलशिवाय चालणारच नसेल तर निवडीची सुरुवात अँजलपासून करावी. एक जोडी, भोवती उंच झाडं, आणि सोबत्यांत पंज्याएवढ्या माशाच्या तोंडात न मावणारेच.

सोडण्यातही क्रम असतो. भित्रे आधी, हद्द राखणारे शेवटी, म्हणजे दांडग्याला रिकामी टाकी आपल्या नावावर करायला मिळत नाही. पहिल्या महिन्यात थोडे, जिवाणू वाढतील तसे आणखी.

इतकं करूनही कधी तरी जुळत नाही. एखादा गुरामी जन्मतःच खाष्ट निघतो, अँजलची जोडी अंडी घालते आणि टाकीचा अर्धा भाग बळकावते. अशा वेळी कंटाळलेले लोक मासा पिशवीत घालून जवळच्या तळ्यात नेऊन सोडतात. त्यांना वाटतं, आपण त्याला मोकळं केलं. सकर असाच मोकळा होत होत भारतातल्या अनेक तळ्यांत आणि नद्यांत पसरला. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यांत आज तो भरतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि त्याला कुणी विकत घेत नाही. एका टाकीतलं भांडण अशा रीतीने अख्ख्या तळ्याचं होतं.

तेव्हा मासा निघून जाऊ शकत नसेल तर त्याला हलवण्याचं काम आपलंच, आणि त्याला कुठे हलवायचं हे आधीच ठरलेलं हवं. घरात फूट-दीड फुटाची एक जादा टाकी, तिचा स्पंज फिल्टर मोठ्या टाकीतच चालू ठेवलेला, म्हणजे लागेल त्या दिवशी जिवाणूंसकट तयार. किंवा मासा परत घेणारा दुकानदार, किंवा मोठी टाकी असलेला ओळखीचा. मार खाणाऱ्याचे पर फाटायला लागले की आठवडाभर ‘जमेल हळूहळू’ म्हणत थांबायचं नाही, त्याच संध्याकाळी वेगळं करायचं. आणि एवढी सोय होणार नसेल, तर तो मासा त्या दिवशी दुकानातच राहू द्यावा.